कड

भवानी पेठेतून प्लाय आणला, एकोणीस एमएम.
टेम्पोवाल्याने धायरीपर्यंत नऊशे घेतले
आणि लिफ्टमध्ये आठ फुटी शीट मावेना,
म्हणून हेमारामने ती पार्किंगमध्येच कापली,
कुणाच्या तरी झाकलेल्या स्कूटरशेजारी.

कापल्यावर कड दिसली.
फिका, गडद, फिका, गडद,
अकरा थर,
मध्येच एक पोकळी, करंगळीच्या नखाएवढी.

"हे झाकायचं," हेमाराम म्हणाला,
"आतलं बाहेर कोण दाखवतं, साहेब?"
वर्तमानपत्रावर त्याने नमुने मांडले:
एकाला पीव्हीसीची पट्टी,
एकाला सहा एमएम सागवान, कोपरे मारलेलं,
आणि एक उघडाच, माझ्या हट्टापायी,
ऐंशीचा, एकशेवीसचा, दोनशेवीसचा कागद मारून
वर नुसता तेलाचा हात.
पोकळीत भुसा आणि सरस, डोळ्याला कळू नये असा.
मला तोच हवा होता. मासिकात पाहिला होता.

शेल्फ मावशीचं, खोली तिची.
तिला विचारायचं मात्र राहून गेलं होतं.
तिला आता खिडकीचा चौकोन तेवढा दिसतो,
तोही दुपारी.

भिंत धरत आली, स्टुलावर बसली.
एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमधली बोटं
पट्टीवरून फिरली: "हा बादलीचा काठ."
सागवानावर जरा रेंगाळली,
"हे बरंय. कपाळ आपटलं तरी सांभाळून घेईल."
उघड्या कडेवर तिने अंगठा आडवा नेला,
परत आणला, पुन्हा नेला.
"हे मोजता येतं," म्हणाली.
"मऊ, खरबरीत, मऊ... अकरा का रे?"
मग नख अडलं.
"इथे काहीतरी भरलंय."
हेमाराम पान चघळायचा थांबला.

"औषधांच्या फळीला हे ठेवा.
बाकीच्यांना तो साग लावा."

"एका शेल्फला दोन कडा?
लोक म्हणतील, सुताराचा माल संपला."

"म्हणू देत. लोकांना कुठे
माझ्या गोळ्या घ्यायच्यात?"

त्याने तसंच केलं, पण जाताना
त्या फळीवरून दोनदा हात फिरवून गेला,
आणि मजुरीत त्या फळीचे पैसे
धरलेच नाहीत.

रात्री तिच्या खोलीत दिवा न लावता
मी अंगठ्याने मोजून पाहिलं.
नऊ भरले.
पुन्हा मोजलं.
दहा.