नव्वद सेंट

टोलेडोत बर्फ थांबून दोन दिवस झाले,
पार्किंगच्या कडेला काळपट ढीग अजून तसाच.
जेवणाच्या टेबलावर मी तीन कॉलेजं मांडलीत,
बाजारात वांगी दाबून बघावीत तशी
उलटसुलट करते आहे.

पहिलं नदीपलीकडचं, सरकारी.
दर मंगळवारी संध्याकाळी वर्ग, गाडी लावायचे पैसे वेगळे.
दुसऱ्याला इमारतच नाही.
महिन्याची वर्गणी भरा, जमेल तितक्या लवकर संपवा,
डबा लावल्यासारखं.
तिसरं नन्सचं. आमच्या हॉस्पिटलवाल्यांना फीमध्ये सूट,
पण धर्मशास्त्राचा एक पेपर सक्तीचा.
रेव्हरंड भोऱ्यांच्या मुलीला!
बाबा असते तर चहा सांडेपर्यंत हसले असते.

हॉस्पिटलचं पत्र अगदी नम्र आहे:
पुढच्या डिसेंबरपर्यंत पदवी घ्या.
घेतलीत तर तासाला नव्वद सेंट वाढ.
नाही घेतलीत तर काय,
तिथं पत्र संपतं.

मिरजेची माझी तीन वर्षं
शिकागोतल्या कुठल्याशा कचेरीनं मोजून दिली आहेत.
उकळत्या पाण्यातून चिमट्यानं काढलेल्या काचेच्या सिरिंजा,
चादरीचा कोपरा चुकला की लोंढे मेट्रनची बोटांवर पट्टी,
वीज गेलेल्या वॉर्डात कंदिलाशेजारी बघितलेलं पहिलं मरण,
सगळं धरून एक्कावन्न क्रेडिट.
मरणाचं वेगळं काही धरलेलं दिसत नाही.

विजेच्या बिलाच्या पाठीवर हिशेब केला.
आठवड्याचे छत्तीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे,
नऊ हजार फी फिटायला
पाच वर्षं चार महिने.
मी त्रेपन्न वर्षांची. गुडघ्यांना विचारायला हवं.

आणि हे सगळं टोपलीत टाकून मोकळी झाले असते,
जर गेल्या गुरुवारची रात्र झाली नसती.

ॲशलिन तेवीस वर्षांची, पदवी ताजी,
डोक्यावर चाळीस हजारांचं कर्ज.
सुई टोचायची म्हटली की अजून श्वास रोखते.
चारशे बाराच्या सोबचाक आजोबांची शीर
तिला दोनदा सापडली नाही,
मला डोळे मिटून सापडली.
जरा ताठ मानेनंच उठले मी.

पहाटे तीनला आजोबा ओरडायला लागले,
भट्टी बंद करा, काच फुटतेय, पोरं खाली उभी आहेत.
चाळीस वर्षं काचकारखान्यात होते ते.
मी म्हटलं, वय झालं, रात्र झाली की होतं असं.
ॲशलिन चार्ट वाचत राहिली. मग हळूच म्हणाली,
प्रमोदिनी, झोपेसाठी दिलेली ती गुलाबी गोळी,
या वयात तीच भ्रमात नेते.
आम्हाला होतं हे, तिसऱ्या वर्षाला.

डॉक्टरांना फोन केला. गोळी बंद झाली.
शनिवारी आजोबांनी मला नावानं हाक मारली,
चुकीच्या नावानं, पण हाक मारली.

तेव्हापासून मी वेगळंच मोजते आहे.
बावीस वर्षं. आठवड्याच्या तीन रात्री.
कागदाच्या इवल्या वाटीतून
किती म्हाताऱ्या तळहातांवर ठेवली असेल मी ती,
वर म्हटलं असेल, झोपा आता शांत.

म्हणून आज सकाळी तिन्ही ठिकाणी एकच विचारलं:
गुलाबी गोळी तुमच्याकडे कितव्या आठवड्यात शिकवतात?
पहिल्या ठिकाणी यंत्र बोललं, एक दाबा, दोन दाबा.
दुसऱ्या ठिकाणी तत्काळ उत्तर आलं
की प्रश्न फार छान आहे,
आणि खाली वर्गणीचा आकडा.
तिसऱ्या ठिकाणी एक बाई थांबा म्हणाली.
पानं उलटल्याचा आवाज. खोकला.
मला माहीत नाही हो, शिकवणाऱ्यांना विचारून कळवते.

साडेचार वाजले. अजून फोन नाही.
अर्ज उघडा आहे,
पूर्वीच्या शिक्षणाच्या यादीत मिरज नाही, 'इतर' आहे.
कणीक मळायला घेतली,
फोन जवळच ठेवलाय,
उजवं कोपर लागेल एवढ्यावर.