स्लाइड तिसरी : आमची मुळं

आधीच्या दोन स्लाइड अळणी होत्या.
सोडियमची बॅटरी, तिचा खर्च, तिचं आयुष्य
आणि एक आलेख, जो वर जायचं सोडून
आडवा पसरलेला, ओहोटीच्या खाजणासारखा.
बँकेनं विचारलं, याआधी कुणी केलंय का?
मंत्रालयात म्हणाले, रकानाच नाही.

तेव्हा अन्वय कारखानीसनं मला बोलावलं.
आकडे आहेत, म्हणाला, गाव नाही.
एखादं गाव शोध.

भांडुपच्या पुढे हायवेवरून दिसतात ते चौकोन,
निम्मे कोरडे, निम्म्यांत टायर.
तिथे पोशा केणी सापडला.
वय विचारलं तर म्हणाला,
ह्यो रस्ता नव्हता तवापासून.
त्याला बांधावर उभा केला, ओंजळीत मीठ दिलं.
मुलुंडच्या दुकानातलं. जाडं. एक किलो.
पावती मी अजून टाकलेली नाही.

मी लिहिलं :
ज्या मिठागरांनी या शहराला चव दिली
तीच आता त्याला वीज देतील.
सोडा गुजरातेतून येतो, गोणीत.
तेवढ्यापुरती मी मिठाची गुळणी धरली.

बीकेसीतल्या काचेच्या खोलीत
तिसरी स्लाइड लागली आणि फोनवरचे अंगठे थांबले.
एका बाईंनी बरणीतला खडा जिभेवर ठेवला,
डोळे मिटून म्हणाल्या,
हे तर आपलंच आहे.
महिन्याभरात रकाना मिळाला,
'पारंपरिक' या शब्दाखाली.

बसथांब्यावरचा आपला फोटो
पोशा खूप वेळ बघत राहिला.
'माझे मिठान ईज व्हती,
त माझे खोपीन दिवा का नव्हता र?'
मी हसलो. तो नाही.

परवा पाहुण्यांची गाडी घेऊन गेलो
तर धुतलेल्या सदऱ्यात तोच सांगत होता :
बा माझा रातचा कोंडीत पाय बुडवायचा
आन् पानी निळं पेटायचं, पार घोट्यापर्यंत.
पाहुणे गप्प. कुणी फोनही काढला नाही.

हे मी लिहिलेलं नव्हतं.
मीठमिरची लावण्यावर माझं पोट आहे,
तरी यात मीठ किती, मला कळेना.
बाजूला घेऊन विचारलं, खरं का?

'सांगायचं पाचशे,' म्हणाला.
'खरं बघायचं त हजार.'

मी दिले.
त्यानं नोटा उजेडाला धरून पाहिल्या.
'अमाशेला ये.
फोटोवाला आनू नको.'