बातमी घोड्याच्या वेगानं

वही माझ्याकडे असते. निळ्या पुठ्ठ्याची,
कोपऱ्यावर बिअरचा गोल डाग,
पहिल्या पानावर व्रातिस्लावचं अक्षर:
खेळ जे जे करू देतो
ते सगळं करायचंच असं नाही.

ओलोमोउत्समध्ये, बंद पडलेल्या घड्याळजीच्या दुकानावर
दर गुरुवारी सहा संगणक,
स्वयंपाकघरभर वायरी, वायरींवर हेदविकाचं मांजर
आणि सोळाशे अठरा साल.

जहाजानं डोंगर ओलांडायचा नाही.
(खेळात एक फट आहे, ती लुमीरला सापडली.
त्यानं स्वीडनचं आरमार ब्रनोच्या बाजारात उभं केलं
आणि महिनाभर आम्ही त्याला दर्यासारंग म्हणत होतो.)

हिवाळ्यात वेढा घालायचा तर घोड्यांना गवत
कुठून आणणार ते आधी सांगायचं.

मेलेला सेनापती मेला.
जुना साठवलेला डाव उघडून त्याला उठवणं
म्हणजे रडीचा डाव.
हा नियम व्रातिस्लावचा,
त्याच्याच लाडक्या सेनापतीला ताप भरला त्या रात्रीचा.
तो थोडा वेळ पडद्याकडे बघत बसला,
मग म्हणाला, लिही.

पुढं काय घडणार ते माहीत असल्यासारखं वागायचं नाही.
हा सगळ्यांत अवघड.
दोब्रोमिल शाळेत इतिहास शिकवतो,
कुठला तह कधी मोडणार ते त्याला तोंडपाठ,
तरी बिचारा दर वेळी सही करतो
आणि फसल्यावर चकित झाल्याचं तोंडही करतो.

गाव जाळायचं असेल तर आधी त्याचं नाव मोठ्यानं वाचायचं.
हा क्वेतोस्लावाचा. आम्ही हसलो होतो.
खेळाला गावं ठाऊकच नाहीत, नुसतं उत्पन्न: चार.
तिनं वडिलांचा सायकलसफरीचा नकाशा आणून भिंतीला ठोकला.
तेव्हापासून सैन्यं उपाशी राहू लागली,
लढाया लांबल्या,
आणि खेळ यानं जास्त खरा झाला की कमी
यावर अजून वाद आहे.

बातमी घोड्याच्या वेगानं.
तुमचं शहर आज पडलं तर ते तुम्हाला पुढच्या गुरुवारी कळणार.
पडद्यावर दिसलं तरी दिसलं नाही म्हणायचं,
तोवर तिथं धान्य पाठवत राहायचं.

आणि जो आला नाही त्याच्या राज्यावर चाल नाही.

फेब्रुवारीत व्रातिस्लाव यायचा थांबला.
चाळीस वर्षं ट्राम चालवलेला माणूस,
आजवर दोन मिनिटं उशीर नाही.
पाच गुरुवार आमच्या फौजा
सॅक्सनीला वळसा घालून गेल्या,
झोपलेल्या माणसाला ओलांडू नये तशा.
लुमीर म्हणाला, इतिहास असा थांबत नसतो.
कुणी उत्तर दिलं नाही. मांजर उठून गेलं.

सहाव्या गुरुवारी हेदविकानं इस्पितळातून चिठ्ठी आणली,
अक्षर उताराला लागलेलं:
"राजा म्हणू नका, इलेक्टर म्हणा.
इलेक्टरला खोकला आहे.
शेजाऱ्यांनी त्याचा फायदा न घेणं
इतिहासाला धरून नाही. नियम खोडा."

मी खोडला नाही. कंसात टाकला.

हेदविकानंच ड्रेस्डेनला वेढा घातला.
गवत कुठून आणणार ते सांगितलं.
वाटेतली गावं नकाशावर बोट ठेवून वाचली
आणि एकेकाला वळसा घेत गेली.
रात्री साडेअकराला वेस उघडली.
तिनं शहर लुटलं नाही.
तसा काही नियम नव्हता.

रविवारी ती त्याला भेटायला गेली.
त्यानं विचारलं, ड्रेस्डेन?
ती म्हणाली, घोडा अजून वाटेत आहे.
तो हसला, मग बराच वेळ खोकला,
मग म्हणाला, पिर्नाहून धान्य पाठवा,
चाळीस गाड्या.

सोमवारी पहाटे इस्पितळातून फोन आला.
तो घोड्यावरून आला नाही.

गुरुवारी पाचजण बसलो, सहावा संगणक चालू ठेवून.
कुणी खेळलं नाही.
वहीत त्या तारखेला एकच नोंद आहे, माझ्या अक्षरातली:
पिर्नाहून गाड्या निघाल्या. चाळीस.
रस्ता चिखलाचा.