शेरा

मंगळवारी सहाच्या आत डोंगा सोडायचा.
ऊन चढलं की आकडे बदलतात,
असं मॅडम शिकवून गेल्या.
हजेरीपटावर मी रोजंदार : हिरकन फागू वलथरे.
सोबत दोरी, सहा बाटल्या
आणि ताटलीएवढी काळी-पांढरी तबकडी.

ठिकाण तीन.
तबकडी पाण्यात सोडते,
दिसेनाशी झाली की दोरीच्या गाठी मोजते.
पुसात नऊ होत्या.
आज पाच.
बाटली पाण्यातच भरायची, पाण्यातच बंद करायची,
बुडबुडा राहता कामा नये.
मग दोन औषधांचे थेंब.
पाण्यात प्राणवायू असला
तर गाळ बसतो चहाच्या रंगाचा.
आज बसला तो पेजेसारखा.

काठावर बाबा, हद्दीच्या दगडापलीकडे.
अभयारण्याची पाटी लागली त्या साली
त्याचं जाळं आढ्याला टांगलं,
अजून तिथंच आहे, त्यात कोंबडी अंडी घालते.
या तळ्याचं खवलंही आता घरात येत नाही.
मला मुभा आहे :
आठवड्याला सहा बाटल्या, तीनशे मिलीच्या.

"किती निघाला वो?"
एक पूर्णांक चार, मी ओरडून सांगते.
"मी तं रातीच आयकलो.
शिंगूर वर येऊन हवा गिळत होते,
टप टप, टप टप.
शिंगूर तगते, दाडक तगते,
बोटरी नाही तगत.
देवधानाच्या कडेनं जाऊन पाय."

जाते.
बोटाच्या पेराएवढ्या, पोट वर.
एकशे बारापर्यंत मोजते,
मग वारा त्यांचा ढीग करतो.

तक्त्यात तापमान आहे, सामू आहे, गढूळपणा आहे.
मेलेल्यांचा रकाना नाही,
ऐकण्याचा तर नाहीच.
कडेला 'शेरा' म्हणून अरुंद पट्टी,
तिथं निरंक लिहायचं, अशी रीत.
मी पेन झटकून लिहिते :
रात्री शिंगूर वर आले. ऐकणार, फागू वलथरे.
बोटरी ११२, पुढे मोजता आल्या नाहीत.
अक्षर पट्टीत मावत नाही,
सामूच्या आकड्यावर चढतं.

जीप दहाला, दगडापाशी.
बाटल्या ओल्या पोत्यात गुंडाळते,
एक बाबा काढून घेतो,
उन्हाकडे धरतो, बुचाचा वास घेतो.
उघडू नको बाबा.
"नाही उघडत."

जीप येईपर्यंत
तो ती मांडीवर धरून बसतो.