सव्वाअकरा

ऐरोली, तिसरा मजला, कॉम्प्युटर लॅब.
फळ्यावर मी एकच आकडा लिहिते: सव्वाअकरा.
हे कोणाचे मार्क नाहीत.
आपण सगळ्यांनी मिळून बांधलेल्या पानाला
उघडायला लागलेले सेकंद आहेत.

दिवा कोळीवाड्यातल्या मासळीवाल्यांसाठीचं पान.
आज काय आलंय, वाटा कितीला, किती वाजेपर्यंत.
एवढंच तर सांगायचं होतं.

मापायला फोन घेतला तो द्वारकाआत्याचा,
रुचित वैतीच्या आत्याचा. काच तडकलेली,
बटणाच्या फटीत खवल्याचा चमकता कण.
वर्गातले नवे फोन मी पालथे ठेवायला लावले.
त्यांच्यावर काय, सगळंच पळतं.

"मोजा," म्हटलं,
आणि एकेचाळीस जण मोजू लागले
लपाछपीत राज्य आल्यासारखे.
एक, दोन, पांढरं.
चार, पांढरंच.
सहाला वरची निळी पट्टी आली.
आठला मागच्या बाकावर कोणी हसलं.
दहाला अर्धं पापलेट,
पोटाखालचं अजून वाटेतच.
अल्फिया म्हणाली, "मॅडम,
एव्हाना गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडे गेलं."

मग सगळ्यांनी एकदम उघडायचं ठरलं.
तीन म्हणताच एकेचाळीस बोटं पडली
आणि पान आडवं झालं ते उठेचना.
याच गोष्टीला टाळ्या पडतील
असं मला वाटलं नव्हतं.

सहलीहून आल्यावर पिशव्या उपसाव्यात
तसं पान उपसलं.
पापलेटचा फोटो: सहा एमबी,
मल्लिकार्जुनने मामाच्या लग्नाच्या कॅमेऱ्याने काढलेला.
अक्षरांची नऊ वळणं, वापरलेलं एक.
हवामानाचा एक तुकडा,
तो कोणी चिकटवला हे कोणी कबूल करेना.
आणि लाटा.

लाटा यज्ञेश भोईरच्या.
पानाच्या तळाशी हलायच्या, दोन आठवडे खपून केलेल्या.
रंगही चित्रातला निळा नव्हे,
आपल्या खाडीचाच, राखाडीत हिरवट.
एकट्या लाटा तीन सेकंद खात होत्या.

त्याच्याकडे कोणीच पाहिलं नाही,
म्हणजे सगळ्यांनीच पाहिलं.
मी काहीतरी बोलणार होते,
शिक्षकांना अशा वेळी बोलायची खोड असते.
तेवढ्यात ओजस्वी उठली.
ओजस्वी 'ल'वर अडते.
"ला," म्हणाली. मग थांबली.
खालून ट्रक गेला, पंखा तसाच कुरकुरत राहिला.
"ला... लाटा ठेवू या. फक्त
ह... हलायला नको."

नीरजच्या हातातलं घड्याळ
मघापासून चालूच राहिलं होतं.
त्यावर काय आलं ते त्याने वाचलं नाही,
अंगठ्याने गुपचूप शून्य केलं.

यज्ञेशने स्वतःच ओळी पुसल्या.
एक लाट राहिली, उभीच्या उभी.

नऊ.
साडेसहा.
पुन्हा सात, कारण मधल्या रांगेने काहीतरी दुरुस्त केलं,
त्यावरून भांडण, त्यात दोन वह्या खाली.
चार.
घंटा झाली, कोणी उठलं नाही,
पुढची तुकडी दारात बूट वाजवत उभी.
दोन पूर्णांक आठ.

दुसऱ्या दिवशी रुचितने सांगितलं ते असं:
आत्याने चष्मा शोधायच्या आत पान उघडलं.
तिने ते बराच वेळ पाहिलं. लांब धरून,
मग जवळ धरून.
"पापलेट बारीक झालंय काय रं?"
"फोटो बारीक केलाय, आत्या."
"आन् भाव?"
"भाव तोच."
"मंग कोन येनार हाय?"

वर्ग हसला, यज्ञेशही.
मी फळ्यावर दोन पूर्णांक आठच्या खाली लिहिलं:
पापलेट, किंचित मोठं करून पाहा.
आत्याचा फोन रुचितने पुन्हा आणला होता.
नीरजने घड्याळ काढलं.