सातवा रकाना

विम्याचा अर्ज माझ्याच टेबलावर आला.
सातवा रकाना, जोडीदाराचं नाव.
मागच्या वर्षापर्यंत ऑर्विल तिथं आडवी रेघ मारायचा.
या वेळी छापील, जपून काढलेली अक्षरं:
डेल प्रोकॉप.

मी वाचलं. शिक्का मारला.
बिशपांच्या कचेरीच्या पाकिटात घातला.
एवढंच केलं मी.
माझा रॉय होता तेव्हा त्याचं नाव याच रकान्यात
मी न बघता लिहायचे.

ऑर्विल टेरेश्को, सेंट हेडविगच्या शाळेचा आचारी.
बुधवारी बार्लीचं सूप, शुक्रवारी मासा.
कुणाला शेंगदाणा चालत नाही, त्याला पाठ,
आणि कुणाच्या घरी रात्री चूल पेटत नाही, तेही.
अशा पोरांना वाढताना त्याचा डाव चुकायचा,
नेहमी जास्तीकडे.

अकरा दिवसांनी फादर मल्हर्न दारात उभे.
बसले नाहीत. बुटांवरचा बर्फ तिथंच वितळत राहिला.
"बर्नडीन, एक पत्र टाइप करायचंय."

मी म्हटलं, फादर, आपली शिकवण तर सांगते
अशा माणसांना मानानं वागवा,
अन्याय्य भेदभावाचा वाराही लागू देऊ नका.

"अन्याय्य," फादर म्हणाले.
मग पुन्हा एकदा, सावकाश,
"अ-न्याय्य."
आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

म्हणजे न्याय्यही असतो कुठंतरी,
वेगळ्या कप्प्यात, इस्त्री करून ठेवलेला.
एका अ ला धरून
एकोणीस वर्षांचा माणूस लोंबतोय,
आणि आम्ही दोघं खाली उभे राहून
व्याकरण बघतोय.

वाईट माणूस नाहीत ते.
रॉयच्या शेवटच्या रात्री
पहाटेपर्यंत लाकडी खुर्चीत बसून होते, माळ न सोडता.
पत्रावर सही करताना पेन दोनदा अडलं.
शाई संपलीय, म्हणाले.
संपली नव्हती.

रविवारी मी दुसरीच्या मुलांना धर्मशिक्षण देते.
त्या आठवड्याचा धडा नेमका तोच:
मजुराची अडवलेली मजुरी
आभाळापर्यंत ओरडते.
छोट्या टोबायसनं हात वर केला,
"किती मोठ्यानं?"
पुष्कळ मोठ्यानं, मी म्हटलं,
आणि खडू शोधायला लागले.

ऑर्विल मात्र ओरडला नाही.
पोटावर पाय आला तेव्हा
तो मोठं पातेलं घासत होता. ते पुरं घासलं.
आपल्या दोन सुऱ्या फडक्यात गुंडाळल्या.
मला म्हणाला, "अर्ज भरताना डेल म्हणत होता, रेघच मार.
मला वाटलं, खोटं लिहायचं नाही हे तर तुम्हीच शिकवता."
माझ्यावर रागावून नाही म्हणाला.
तसं असतं तर बरं झालं असतं.

फ्रिजवर एक कागद चिकटवून गेला.
शेंगदाणा: हॅना, विल्मर, छोटी ओडेट.
दूध: पाचवीतले जुळे.
आणि खाली सात नावं, प्रत्येकापुढे नुसता ठिपका.
ठिपका कशाचा, ते लिहिलेलं नाही.

आता जेवण कंपनीकडून येतं,
झाकण लावलेलं, सगळ्यांना मोजून सारखं.
कंपनीच्या बाईनं विचारलं, हा कागद काढू का?
राहू दे, म्हटलं.
माझ्या डब्यातल्या सँडविचचे हल्ली दोन तुकडे असतात,
एक मधल्या सुट्टीत हरवतो.
सातांतल्या एकापुरतं होतं तेवढं.

शनिवारी पापनिवेदनाला गेले.
जाळीपलीकडे फादर मल्हर्नच, खोकल्यावरून कळतं.
कोणत्या आज्ञेखाली घालायचं हे, मला सुचेना.
खून नाही, चोरी नाही, खोटी साक्ष तर नाहीच;
रकान्यात होतं ते सगळं खरं होतं.

शेवटी म्हटलं, फादर, मी शिक्का मारला.

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही.
मग खुर्ची करकरली,
आणि अगदी हळू,
जाळीला नाही, स्वतःलाच सांगावं तसं,
"सही माझी होती."

बाहेर तिघं-चौघं रांगेत ताटकळत होते.
आमच्यापैकी कुणीच
क्षमेचे शब्द उच्चारायला घेतले नाहीत.