तिसरी खेप

श्वास घ्या, दंबादरजा. धरा. सोडू नका एवढ्यात.

शाई उतरली.
धमनी आम्ही बुजवली तिथंच थांबते, बुंध्याशी.
दोन हिवाळ्यांत दोनदा बुजवली.
तरी गाठीची वरची कड जिवंत,
स्कॅनमध्ये नखाएवढी उजळलेली.

काळीज दोन वाटांनी पितं.
बहुतेक सगळं आतड्यांकडच्या रुंद शिरेतून,
जेवून आलेलं, संथ रक्त.
थोडं धमनीचं, ताजं, उसळतं.
गाठ मात्र धमनीलाच तोंड लावते,
त्या एका हावरटपणावर माझा सगळा धंदा:
धमनी बंद केली की ती उपाशी,
काळीज शिरेवर तग धरतं.

हे सांगितलं तेव्हा तुम्ही हसला होतात.
चाळीस वर्षं गोबीत विहिरी खणलेला माणूस.
म्हणालात, पाणी बुजवता येत नाही, पोरी,
त्याला फक्त दुसरीकडे पाठवता येतं.

बाहेर उणे एकतीस.
उलानबातरचा कोळशाचा धूर काचेला टेकलाय.
शिशाचा एप्रन खांद्यात रुततो.
तुमचा धाकटा भाऊ याच टेबलावर होता.
आमच्याकडे सख्ख्यांना एका काळजाचे म्हणतात;
एकाच विषाणूचे, असं कुणी म्हणत नाही.

नळी मागे घेते. महाधमनीत,
थोडं वर, उजवीकडे चाचपते.
एक बारीक तोंड सापडतं. शाई सोडते
आणि ती श्वासपटलावरून वळत वळत
थेट त्या नखाएवढ्या कडेला जाऊन भिडते.

म्हणजे ही.
तुमच्या श्वासाच्या पडद्याला पोसणारी,
काळजाशी काही देणंघेणं नसलेली.
गाठीनं भिंत ओलांडून
शेजारणीच्या रांजणाला भोक पाडलं.

हिच्यात औषध सोडताना हात हळू होतो.
उजवा खांदा दुखेल.
उचक्या लागतील, दोन दिवस, कदाचित चार.
कोण आठवण काढतंय म्हणून नावं घेत बसू नका,
मीच आहे.

सोडा श्वास.

संध्याकाळी वॉर्डात त्सेरेनखंद
थर्मासातला खारट चहा ओतत होती,
त्यांच्या उचक्या मोजत होती. सदतीस.
अडतीसाव्या आणि एकोणचाळीसाव्याच्या मध्ये
त्यांनी विचारलं,
आता चौथा झरा कुठून फुटेल?

फासळ्यांमधून, छातीच्या आतल्या बाजूनं,
मूत्रपिंडाच्या माथ्यावरून.
मला सगळे पत्ते पाठ आहेत.

मी चहा घेतला. फार गरम होता.